नळवाल्याचा गुलाबी बोर्ड

तो दुकानात शिरला आणि पाइप फुटला. आधी तो शिरला की आधी पाइप फुटला, यावरून त्या रस्त्यावर अजून दोन तट आहेत. मी म्हणते, एकदमच झालं. त्याने दारात पाय ठेवला, बोर्ड करून मिळेल का असं विचारायला तोंड उघडलं, आणि मागच्या भिंतीतून पाण्याचा असा फवारा सुटला की छताला चिकटलेली पाल वाहत वाहत दारापर्यंत आली आणि त्याच्या बुटावर बसून राहिली. फवारा गेला पंख्यावर, पंख्यातून दुकानभर. बाहेर कडकडीत ऊन आणि आत धो धो पाऊस.

दुकान ठिपकीच्या आत्याचं. दुकानांचे, दवाखान्यांचे, शाळांचे बोर्ड करायचं. आत्याने उभा जन्म शिडीवर उभं राहून हाताने अक्षरं रंगवली, आणि कॉम्प्युटर आल्यावर ते काम भाचीच्या हाती दिलं. ही भाची लहानपणी ब्रश मिळाला की दिसेल त्यावर रंगाचा ठिपका ठेवायची. भिंतीवर, ताटावर, झोपलेल्या मांजरावर. म्हणून तिला सगळे ठिपकी म्हणायचे. लग्नाच्या वयाची झाली तरी ते नाव काही सुटलं नव्हतं.

त्या दिवसांत आत्या बाहेरगावी होती. एका मोठ्या हॉस्पिटलात बाणांच्या पाट्या बसवायचं काम निघालं होतं. त्यामुळे दुकानात ठिपकी एकटीच. एका हाताने ती कॉम्प्युटरवर प्लॅस्टिक ओढत होती, दुसऱ्या हाताने अक्षरं कापायच्या चिकट व्हिनाइलचे रोल उचलत होती, आणि तोंडाने काहीतरी ओरडत होती ते पाण्याच्या आवाजात कुणालाच ऐकू येत नव्हतं.

"मेन कॉक कुठाय?" त्याने विचारलं.

"कसला कॉक?"

इतकी वर्षं त्या दुकानात काढली, पण पाणी कुठे बंद करायचं ते तिला माहीत नव्हतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने मात्र पुढे काही विचारलं नाही. वाकत, भिजत, रोल बाजूला करत तो भिंतीच्या कडेने गेला, कोपऱ्यातल्या खोक्यांमागे हात घातला, काहीतरी फिरवलं... आणि पाऊस थांबला. नुसतं टप टप राहिलं.

मग त्यांनी एकमेकांकडे बघितलं. तिच्या हनुवटीवरून पाणी गळत होतं आणि नाकावर निळ्या व्हिनाइलचा एक तुकडा चिकटला होता. त्याच्या पापणीवर एक थेंब अडकला होता. आता पडेल, मग पडेल, पण पडेना. ती आपली त्या थेंबाकडे बघत उभी.

"तुम्हाला... बोर्ड हवा होता ना?" ती कशीबशी म्हणाली.

"हवाय. पण आधी वाळा."

"कधीपर्यंत हवाय?"

"तुम्हाला वाळायला किती वेळ लागतो, त्यावर..." एवढं बोलून तोच इतका ओशाळला की त्याने हातातली पिशवी उघडून तिच्यात तोंड घातलं. पिशवीत पाने, वायसर, पाइपाचे तुकडे. तो नळवाला होता. आता सांगा, पाइप फुटतो आणि त्याच क्षणी दारात नळवाला उभा असतो, असं कधी कुणाचं झालंय? आमच्याकडे तर तीन दिवस फोन करूनही येत नाहीत.

पाइप जोडता जोडता त्याने थोडं थोडं सांगितलं. इतके दिवस तो मोठ्या भावाच्या हाताखाली काम करायचा. आता याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला त्याने स्वतःचं दुकान घेतलं होतं. भाऊ म्हणाला होता की तुझ्या तोंडून शब्द फुटत नाही, तुझ्याकडे गिऱ्हाईक कशाला येईल, महिन्याभरात पिशवी घेऊन परत येशील. भावाचं खरं होतं. गिऱ्हाईक समोर आलं की याची जीभ टाळूला चिकटायची.

"म्हणून म्हटलं, बोर्ड चांगला करू," तो पाइपाकडे बघत म्हणाला. "जे बोलायचं ते त्यानेच बोलावं."

ठिपकीने मान हलवली. त्या मानेत केवढी जबाबदारी आली ते तिला तेव्हा कळायला हवं होतं. पण तिचं लक्ष त्याच्या बोटांकडे. पाइपाच्या आट्यांवर तो पांढरा धागा गुंडाळत होता, इतक्या हळुवारपणे, की जणू बाळाच्या बोटाला पट्टी बांधतोय.

आता बोर्ड कसा करायचा हे ठिपकीला काही शिकवायची गरज नव्हती. आत्याने ते तिच्या डोक्यात हातोडीने ठोकून बसवलं होतं. आत्या म्हणायची, आपला बोर्ड वाचायला घरून कुणी निघत नाही. माणूस चाललेला असतो दुसरीकडेच, डोक्यात बायकोशी झालेलं भांडण, हातात पिशवी, मागून हॉर्न. त्याची नजर वर गेली तर गेली. तेवढ्यात त्याला कळलं पाहिजे. म्हणून अक्षर जाड, अक्षरांच्या मधे हवा, आणि कडेला मोकळी जागा सोड, कारण फ्रेम कडा खाते. रंग दोनच, आणि ते एकमेकांचे वैरी असावेत, म्हणजे काळ्यावर पिवळा, निळ्यावर पांढरा. चकचकीत कागदावर ऊन पडलं की बोर्डाचा आरसा होतो, तेव्हा उन्हातल्या बोर्डाला मॅटच घे. स्क्रीनवर जो रंग दिसतो तो छापून तसा येत नाही, स्क्रीन आतून पेटलेली असते. आणि सगळ्यात शेवटी छोटी प्रिंट काढायची, भिंतीवर लावायची, रस्ता ओलांडून पलीकडे जायचं आणि डोळे अर्धे मिटून बघायचं. गिऱ्हाइकाला जेवढं दिसणार, ते तेवढंच.

हे सगळं ठिपकीला पाठ होतं. तिने जाड अक्षरं घेतलीही. "नळ व पाइप दुरुस्ती. तुंबलेलं गटार मोकळं करून मिळेल." काळ्यावर पिवळं. बरोबर.

मग तिला तो पापणीवरचा थेंब आठवला.

अक्षर थोडं बारीक केलं तर काय बिघडलं, असं तिला वाटलं. मग थोडं तिरकं. मग फॉन्टांच्या यादीत ती खाली खाली उतरत गेली. जाड अक्षरांच्या खाली, शाळेच्या पाट्यांच्या खाली, बारशाच्या आमंत्रणांच्या खाली, आणि शेवटी पोचली लग्नपत्रिकांच्या फॉन्टापाशी. त्या अक्षरांना वेलीसारख्या शेपट्या होत्या. त्या शेपट्या एकमेकींना शिवत होत्या, आणि शिवल्यासारखं करून परत मागे येत होत्या. तिने काळा रंग काढून टाकला. सायीचा रंग घेतला, आणि त्यावर गुलाबी. 'गटार'मधल्या र ची शेपटी तिने इतकी लांबवली, इतकी वळवली, की तिच्या टोकाला एक कळी आपोआप आली. लोक म्हणतात खिडकीतून एक भुंगा आला आणि स्क्रीनवर त्या कळीवर बसला. मी तिथे नव्हते, पण सांगणारा माणूस भुंग्याला ओळखत होता.

छोटी प्रिंट काढून भिंतीवर लावायची वेळ आली तेव्हा तिचा हात थांबला. रस्त्यावर समोरचा शिंपी बसलेला असतो, वरच्या गॅलरीत म्हातारी बसलेली असते. त्यांनी बघितलं तर? त्यांना कळेल... काय कळेल, हे तिने स्वतःलाही सांगितलं नाही. तिचे कान मात्र तापले. तिने प्रिंट काढलीच नाही, फाइल थेट छापायला पाठवून दिली.

छापायचं काम फ्लेक्सकाकांकडे. चार गल्ल्या पलीकडे त्यांचं मोठं मशीन होतं आणि आत्याचं सगळं काम तिथेच जायचं. काकांचा लगेच फोन आला. ते म्हणाले, "ठिपके, गटाराला ही अक्षरं? बघ बाई, नक्की ना?"

"छापा, काका," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

बोर्ड लागला. नळवाला शिडीवरून उतरून लांब गेला, वर बघितलं, आणि त्याचा चेहरा असा फुलला की ठिपकीला वाटलं, झालं, माझं काम सार्थकी लागलं. त्याला अक्षरांतलं ओ की ठो कळत नव्हतं. हिने केलंय म्हणजे बरोबरच असणार, एवढंच त्याला माहीत.

पहिल्या दिवशी एक बाई आली, नवरीचा मेकअप इथेच होतो का विचारायला. मग एक जोडपं आलं, त्यांना फुलांची सजावट हवी होती. मग एक मुलगा केकची चौकशी करून गेला. नळ गळणारं कुणी आलंच नाही. रस्त्यापलीकडून तो बोर्ड म्हणजे सायीवर सांडलेलं गुलाबाचं सरबत दिसायचा, आणि जवळ येऊन जो वाचायचा तो आधी 'गटार' वाचायचा, मग कळी बघायचा, मग पोट धरून हसायचा. शिंप्याने तर आपल्या गिऱ्हाइकांना तो बोर्ड दाखवायला न्यायला सुरुवात केली.

ते ठिपकीच्या कानावर आलं. तिने त्या टोकाला जाणंच सोडलं. भाजी आणायला मागच्या गल्लीतून, बस पकडायला मागच्या गल्लीतून. शिंपी तिच्याकडे बघून हसला की तिला वाटायचं, याने ओळखलं. म्हातारी खोकली की वाटायचं, तिनेही. आख्खा रस्ता आपलं मन मोठ्या अक्षरात वाचतोय, आणि ते आपणच फ्रेममध्ये घालून टांगलंय... दुकानातल्या पांढऱ्या फ्लेक्ससमोर ती उभी राहिली की फ्लेक्स गुलाबी दिसायचा, इतकी ती लाजेने लाल झालेली असायची. हे अगदी खरं आहे, त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

आत्या परत आली ती त्याच टोकाच्या बसथांब्यावर उतरून. येता येता ती त्या बोर्डासमोर उभी राहिली, रस्ता ओलांडून पलीकडे गेली, डोळे अर्धे मिटले. मग दुकानात आली, बॅग ठेवली आणि ब्रश धुवायला बसली. आत्या ओरडली असती तर ठिपकीला बरं वाटलं असतं.

तेवढ्यात नळवाला आला. दारातच उभा राहिला. बुटांकडे बघत म्हणाला की लोक काहीतरी भलतंच विचारायला येतात, आणि काल मोठा भाऊ येऊन गेला, बोर्ड बघून इतका हसला की त्याला खुर्ची द्यावी लागली. मग त्याने विचारलं, "माझंच काही चुकलं का? मी तुम्हाला नीट सांगितलं नाही का?"

तो स्वतःलाच दोष देत होता. ठिपकीने तोंड उघडलं. खरं सांगायचं होतं. मागे आत्या ब्रश धूत होती, समोर तो उभा होता, आणि रस्त्यावरून शिंपी मुद्दाम हळू चालत होता. तिच्या तोंडून निघालं ते भलतंच.

"इथून फाइल बरोबर गेली होती. तिकडच्या मशीनवर तो फॉन्ट नसेल... म्हणून बदलला असेल."

आत्याचा ब्रश पाण्यात थांबला. मग पुन्हा फिरायला लागला.

नळवाल्याच्या खांद्यावरचं ओझंच उतरलं. तरीच, तो म्हणाला. तुमच्याकडून असं कसं होईल, असंही म्हणाला. आणि तडक निघाला.

तो कुठे गेला ते तिला संध्याकाळी कळलं. ज्या माणसाच्या तोंडून गिऱ्हाइकासमोर शब्द निघत नव्हता तो फ्लेक्सकाकांच्या दुकानात गेला, आणि तिच्यासाठी जन्मात पहिल्यांदा मोठ्याने बोलला. चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाला की तुम्ही लोकांच्या फाइली बिघडवता आणि नाव त्या मुलीचं खराब होतं. तिथे शाळेच्या बाई बसल्या होत्या, स्नेहसंमेलनाचा मोठा बॅनर छापायला घेऊन. त्यांनी मुकाट्याने आपलं काम उचललं आणि निघून गेल्या. हे शिंप्याने सांगितलं, आणि सांगताना पहिल्यांदाच तो हसला नाही.

ठिपकीने जेवणाचं ताट तसंच सारलं. फ्लेक्सकाकांनी तिला लहानपणी मशीनखाली पडलेल्या कागदाच्या पट्ट्या खेळायला दिल्या होत्या. आत्याचं कितीतरी काम त्यांनी स्वतः जागून वेळेवर दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी काका स्वतःच आले, बरोबर नळवाल्याला घेऊन. ठिपकीने मान वर केली नाही. तिला वाटलं, आता काका फोनचं सांगणार. नक्की ना विचारलं होतं, आणि ही छापा म्हणाली होती, सगळं आत्यासमोर, त्याच्यासमोर सांगणार.

काकांनी खुर्ची ओढली, घाम पुसला. एकदा ठिपकीकडे बघितलं, आणि काय ओळखायचं ते ओळखलं.

"असेल," ते म्हणाले. "माझ्याच मशीनचं काही असेल. म्हातारं झालंय. मी दुसरा बोर्ड छापून देतो, विषय संपला."

विषय खरंच संपला असता. नळवाला मान हलवत होता. आत्या कपाटाकडे तोंड करून डबे लावत होती. नुसतं गप्प बसायचं होतं. जी लाज इतके दिवस ती घेऊन फिरत होती, ती त्या लाजेपुढे काहीच नव्हती जी आता आली. एका माणसाने तिची चूक उचलून आपल्या डोक्यावर ठेवली होती, आणि वर हसून घाम पुसत होता.

"काका, थांबा," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. ती नळवाल्याकडे वळली, पण बघत होती त्याच्या शर्टाच्या बटणाकडे. "फॉन्ट बदललाच नाही. बदलूच शकत नाही. छापायला देण्याआधी मी अक्षरांचे आकार करते. मग ती अक्षरं राहत नाहीत, चित्र होतं. कुठल्याही मशीनवर उघडा, ते तसंच निघतं. आत्याने पहिल्या दिवशी शिकवलंय, मी कधी विसरत नाही. तुमची फाइलही तशीच गेली. जे छापलं गेलं ते मीच केलेलं. काकांनी फोन करून विचारलंही होतं... मीच छापा म्हटलं."

आत्याच्या हातातला डबा हातातच राहिला.

"पण का?" नळवाल्याने विचारलं. रागाने नाही. त्याला खरंच कळत नव्हतं.

"मी जाड अक्षरं घेऊन बसले होते. खरंच. पण तुम्ही डोक्यात आलात की... ती जाड राहायचीच नाहीत."

बोलून गेली आणि तिला वाटलं, आता तो पाइप परत फुटावा आणि आपण वाहून जावं. नळवाल्याचे कान आधी लाल झाले, मग मान, मग कपाळ. त्याने तिच्याकडे बघितलंच नाही. तो काकांकडे बघत होता.

"काका," तो हळू म्हणाला, "मी तुम्हाला चारचौघांत बोललो."

मग त्याने पिशवी उचलली आणि निघून गेला. काकाही त्याच्या मागे गेले.

आत्याने डबा जागेवर ठेवला. ठिपकी रडत होती तिकडे बघितलंही नाही. फक्त म्हणाली, "त्याचा बोर्ड कर आता."

तिने केला. काळ्यावर पिवळा, जाड, मधे हवा, कडेला जागा, मॅट. छोटी प्रिंट काढली, भिंतीवर लावली आणि उघड्या रस्त्यावर, शिंप्याच्या देखत, पलीकडे जाऊन डोळे अर्धे मिटून उभी राहिली. आत्या शेजारी येऊन उभी राहिली. बराच वेळ बघून म्हणाली, "गटार दिसतं." आत्याच्या तोंडून याहून मोठं कौतुक कधी कुणी ऐकलं नव्हतं.

बोर्ड बसवायला आत्या गेली. ठिपकी गेली नाही. त्याने तोंड फिरवलं होतं, आता कुठल्या तोंडाने जायचं? पण काकांचं काम राहिलं होतं. दुकानात चार भिंतींच्या आत खरं सांगून भागणार नव्हतं, कारण काकांची अब्रू गेली ती चारचौघांत. ते तिला कुणी सांगितलं नाही. तिलाच टोचत होतं.

ती आधी शाळेत गेली. बाईंसमोर उभी राहिली आणि सगळं सांगितलं. म्हणजे, जवळजवळ सगळं. बाईंनी चष्म्यावरून तिला खालपासून वरपर्यंत बघितलं, बॅनरच्या हाताने काढलेल्या नमुन्याची गुंडाळी काखेत मारली आणि म्हणाल्या, चल, हे तिथेच सांग.

फ्लेक्सकाकांच्या दुकानात सकाळची गर्दी होती. मशीन घरघर करत एका बाजूने दुसऱ्या बाजूला जात होतं, नव्या शाईचा उग्र वास भरला होता. ठिपकी दारातून आत आली आणि तिथेच खिळली. काउंटरसमोर नळवाला उभा होता. धुतलेला शर्ट, हातात पिशवी नाही. त्यामुळे हात कुठे ठेवायचे ते त्याला कळत नव्हतं.

"त्या दिवशी मी इथे जे बोललो," तो सगळ्यांकडे वळून म्हणत होता, "ते..."

"ते माझ्यामुळे," ठिपकी मधेच म्हणाली.

"नाही, बोललो मी."

"खोटं मी सांगितलं म्हणून बोललात."

"तरी आधी विचारायला हवं होतं मी."

"एकेक बोला," काका म्हणाले. "मशीन चालू आहे, मला काही ऐकू येत नाहीये."

ऐकू सगळं येत होतं. पण काकांनी मशीन बंद केलं, आणि दुकानात एकदम शांत झालं. आता सगळ्यांच्या नजरा ठिपकीवर. तिने काउंटरची कडा धरली आणि मोठ्याने, शेवटच्या माणसापर्यंत जाईल असं, सांगितलं. काकांची काही चूक नव्हती. काकांनी माझ्या फाइलमधली रेघसुद्धा हलवली नाही. अक्षरं चुकीची मी घातली, आणि वर खोटं बोलून त्यांचं नाव पुढे केलं. मला माफ करा, काका.

काकांनी नाक शिंकरलं. शाईचा वास फार आहे आज, म्हणाले.

विषय इथे मिटायचा. पण शाळेच्या बाई त्या, प्रश्न विचारल्याशिवाय कशा राहतील. त्यांनी काखेतली गुंडाळी काउंटरवर ठेवली आणि विचारलं, "ते ठीक आहे. पण गटाराच्या बोर्डाला तू लग्नपत्रिकेची अक्षरं घातलीस कशासाठी?"

ठिपकी जे आत्यासमोर कसंबसं बोलली होती ते इथे, इतक्या परक्या माणसांसमोर... तिने मान खाली घातली. तिला आपल्या चपलांचे बंद दिसत होते, आणि शेजारी त्याचे बूट. ते बूट हलले. तिच्या बाजूला सरकले.

"माझ्यासाठी," नळवाला म्हणाला.

इतकं स्पष्ट तो आयुष्यात बोलला नव्हता. मागे रांगेतला एक माणूस, ज्याचा या सगळ्याशी काही संबंध नव्हता, तो म्हणाला, पोरीला कुणीतरी पाणी द्या. शाळेच्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग काकांना म्हणाल्या की बॅनर घ्या छापायला, आणि कडेला जागा सोडा.

ती दोघं बाहेर आली. ठिपकी पुढे, तो अर्धं पाऊल मागे. ती सवयीने मागच्या गल्लीकडे वळायला गेली.

"इकडून कुठे?" त्याने विचारलं. "आपलं दुकान सरळ आहे."

आपलं म्हणजे आत्याचं की त्याचं, ते तिने विचारलं नाही. दोघं सरळ रस्त्याने निघाली. शिंपी बघत होता, गॅलरीतली म्हातारी कठड्यावरून इतकी वाकली होती की पडेल असं वाटावं. ठिपकीचे कान तापलेलेच होते. पण तिने मान खाली घातली नाही.

"त्या दिवशी तुम्ही काही न बोलता गेलात," ती म्हणाली. "मला वाटलं..."

"काकांना बोललो त्याची लाज वाटत होती. आधी ते फेडायचं होतं. मग तुझ्याकडे येणार होतो." आपण तू म्हणालो हे त्याच्या लक्षात आलं आणि तो थांबला. ती चालतच राहिली. मग तोही चालायला लागला.

थोड्या वेळाने तिने विचारलं, नवीन बोर्डाने काम येतंय का? तो म्हणाला, कालपासून तीन नळ आणि एक तुंबलेली मोरी. भावाने स्वतःहून एक गिऱ्हाईक पाठवलं.

"आणि तो गुलाबी? फेकला ना?"

"नाही. आत लावलाय. माझ्या खुर्चीसमोर."

"आत? आत कोण वाचणार तो?"

"मी," तो म्हणाला. त्याने मान खाली घातली, पण हसत होता. "लांबून नाही कळत. जवळून वाचायला मात्र... बरा आहे."

समोर त्याचं दुकान आलं. वर काळ्यावर पिवळी जाड अक्षरं. तिने डोळे अर्धे न मिटताही गटार दिसत होतं. त्याने शटर वर ढकललं आणि बाजूला होऊन तिला वाट दिली.

"ये," तो म्हणाला. "वाचून दाखव."